हिलाल आबांनी वाकवलेली कमान

अमळनेरात पारोळा रस्त्याला हिलाल आबांचं वेल्डिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर वर पत्रे, खाली काळी माती, पुढे अर्धवट उभी असलेली एखादी ट्रॉली आणि मागे घर. चाळीस वर्षं झाली, आबा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतायत. आसपासच्या खेड्यांत कुणालाही विचारा, हिलालची ट्रॉली कपाशीने उरापर्यंत लादा आणि खड्ड्यातून काढा, कण्हेल पण मोडणार नाही, असंच सांगतील. आबांनाही ते ठाऊक आहे. जरा जास्तच ठाऊक आहे म्हणा ना! माणूस सोन्यासारखा, पण कौतुकाचा भारी भुकेला. कुणी नुसतं म्हणावं, 'आबा, काय वेल्डिंग मारलंय, सरळ रेघ!' की बाकीची गिऱ्हाइकं गेली उडत, आबा त्याला चहा पाजत अर्धा तास बसणार. त्यांची बायको कमलबाई म्हणायची, "तुम्हले कोनी चांगलं म्हनं म्हंजे तुम्ही त्याले घर बी दी टाकशात."

अशा माणसाकडे दिवाळी आटोपल्यावर जळगावहून हितेंद्र आला. ठिबकच्या नळ्यांचं दुकान असलेला, पंचेचाळिशी ओलांडलेला, चांगला संसारी माणूस. पण डोक्यात जुन्या मोटारींचं खूळ. त्याने मोबाईलवर एक फोटो दाखवला. साठ वर्षांपूर्वीची, परदेशातली शर्यतीची गाडी. पुढे सायकलसारखी बारीक चाकं, मागे ट्रॅक्टरला शोभतील असे रुंद टायर, मध्ये उघडं इंजिन, आणि चालवणारा मागच्या ॲक्सलच्याही मागे, बैलगाडीतून पडता पडता राहिल्यासारखा बसलेला. ना दार, ना छत, ना काच.

"ह्याला गाडी म्हणतोस?" आबांनी चष्मा वर सरकवला. "ही तर शिडीला चाकं लावलीत कुणीतरी!"

"अगदी तशीच पाहिजे, आबा. वडिलांच्या जुन्या काँटेसा मोटारीचं इंजिन पडून आहे, ते बसवू. तुम्ही फक्त चासी बनवा, खालचा सांगाडा."

"आणि हिचं करायचं काय?"

हितेंद्रने सांगितलं. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की चारशे मीटर सरळ सुसाट सुटायचं. वळण नाही, चढ नाही. चौदा-पंधरा सेकंदांत खेळ खलास. आबा हसून हसून बेजार झाले. पंधरा सेकंदांत त्यांची बिडी नीट पेटत नव्हती. पण हितेंद्र पुढे म्हणाला की जळगाव, धुळे, नाशिक सगळीकडे फिरलो, कुणी हात लावायला तयार नाही, सगळे म्हणाले अमळनेरच्या हिलाल मिस्तरीशिवाय हे कुणाला जमायचं नाही. झालं! आबांनी त्याच दिवशी अर्धी ट्रॉली बाजूला सरकवली.

काम सुरू झालं ते आबांच्या पद्धतीने. दोन जाड गर्डर जमिनीवर मांडले, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने त्यांची पातळी साधली, सुतळी ताणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मापं घेतली आणि वर पंधरा फुटी दोन पाईप ठेवले. बारीक, पातळ, बिनजोडाचे सीमलेस पाईप. आबांचा जीव वरखाली. "अरे, ह्याला खालून एक अँगल मारू दे," रोज एकदा तरी म्हणायचे. हितेंद्र रोज हात जोडायचा. "आबा, वजन नको. ही थोडी लवली तरच मागची चाकं जमीन धरतील." जन्मभर जे लवू नये म्हणून झटलो ते आता मुद्दाम लवू द्यायचं, हे आबांच्या पचनी पडायला आठवडा लागला. वेल्डिंग मात्र आर्गन वायूचं होतं आणि ते आबा तरुणपणी धुळ्यात दुधाच्या टाक्या बनवताना शिकले होते. जुनी विद्या कामी आली म्हणून स्वारी खूश होती.

मग एक दिवस हितेंद्रबरोबर त्याची मुलगी आली. भूमिका तिचं नाव, चोवीस वर्षांची, इंजिनिअर झालेली. आबांना वाटलं, बापाचं खूळ बघायला आली असेल. तर हितेंद्र म्हणतो कसा, "आबा, चालवणार ही आहे. माप हिचं घ्या."

आबांनी खडू शोधायला खिसे चाचपले. भूमिका मात्र हेल्मेट घालून तेलाच्या डब्यावर जाऊन बसली, पाय पुढे पसरले आणि म्हणाली, "घ्या आबा, माप." आबांनी भिंतीवर खडूने तिच्या डोक्याच्या वर चार बोटं खूण केली. तिथून जायची होती कमान. चालवणाऱ्याच्या मागे उभी असते ती, उलट्या यू आकाराची. गाडी उलटलीच तर डोकं जमिनीला लागू नये म्हणून. बाकी सगळी गाडी पळण्यासाठी असते, कमान तेवढी जीव राखण्यासाठी. दुपारी कमलबाईने पोरीला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. तिखटाने नाक पुसत पुसत ती दोन भाकरी जेवली. त्या दिवसापासून आबा कमानीला 'पोरीची कमान' म्हणायला लागले.

कमान वाकवायची म्हणजे मोठं काम. पातळ पाईप यंत्रात घातला तर पोटात चेपतो. आबांची रीत जुनी होती: बोरी नदीची बारीक वाळू चाळायची, कढईत खरपूस भाजून कोरडी करायची, पाईपमध्ये ठोकून ठोकून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारायच्या, आणि मग तापवून वाकवायचं. आत वाळू असली की पाईप चेपत नाही, गोल तो गोलच राहतो. वाळूसाठी त्यांच्याकडे एक ठरलेला पत्र्याचा डबा होता, त्यावर छिन्नीने पाडलेली खूण होती. पाईप वाकवून झाला की वाळू परत डब्यात ओतायची आणि बघायचं, खुणेला आली का. आली तर पाईप रिकामा. त्याशिवाय वेल्डिंगला हात लावायचा नाही, हा चाळीस वर्षांचा नेम. कढई अर्थातच कमलबाईची होती, आणि तिचा त्यावरून झालेला उद्धार सगळ्या गल्लीने ऐकलेला होता.

कमान वाकवली त्या दिवशी हितेंद्रचे चार-पाच मित्र व्हिडिओ काढायला आले. लालबुंद पाईप आबांच्या हाताखाली लोण्यासारखा वळला आणि मंडळींनी टाळ्याच वाजवल्या. "आबा, जरा इकडे बघून वेल्डिंग मारा ना." "आबा, परत एकदा, ठिणग्या दिसू द्या." आबा असे फुलले की विचारू नका! पाईप झटकला, वाळू ओतली, कमानीचे दोन्ही पाय चासीला जोडून टाकले. वेल्डिंग दिसायला माळेसारखं आलं, मंडळींनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, आणि चासी टेम्पोत चढून जळगावला गेली.

जानेवारीतला शनिवार. रविवारी धुळ्याबाहेरच्या एका मोकळ्या धावपट्टीवर शर्यती ठरल्या होत्या आणि शनिवारी दुपारी भूमिका गाडी पहिल्यांदा पळवून बघणार होती. आबा रविवारी जाणार होते. शनिवारी सकाळी एका फाटकाची नक्षी वाकवायची म्हणून त्यांनी वाळूचा डबा ओढला. आणि हात तिथेच थांबला. वाळू खुणेच्या चार बोटं खाली होती.

"कमल!" आबा ओरडले. "डबाम्हाईन वाळू तू लिधी का?"

"लिधी ना. संक्रांतले शेंगा भुंज्यात त्या येळले. दोन मुठा. काय सोनं शे का ते?"

शेंगा भाजायला घेतलेल्या दोन मुठी. आबांनी डब्यात हात घातला, पुन्हा काढला. दोन मुठींनी चार बोटं उतरतील? की दोनच? दिवाळीनंतर ह्या वाळूने त्यांनी फक्त कमान वाकवली होती. त्या दिवशी डबा बघितला होता का? आठवेना. टाळ्या आठवत होत्या. कॅमेरा आठवत होता. डबा काही केल्या आठवत नव्हता.

 वाळू आत राहिली असेल तर नुसतं वजनाचं भागत नाही. वाळूला टेकून मारलेलं वेल्डिंग बाहेरून कितीही देखणं दिसो, आतून पोकळ राहतं. आणि जोड कुठला, तर पोरीच्या कमानीचा! आबांनी हितेंद्रला फोन लावला, चार वेळा. उचलला नाही. गाडीच्या आवाजात काय ऐकू येणार त्याला? अंगावर तसेच कामाचे कपडे, खिशात एक पाना, आणि आबांनी धुळ्याची एसटी गाठली. कमलबाईही चपला घालून मागोमाग निघाली. तिला कारण सांगितलं नव्हतं, पण नवऱ्याचं तोंड बघून ती काय समजायचं ते समजली होती.

एसटीत आबांच्या मनात एक विचार आलाच, उगाच खोटं कशाला बोला. कुणाला कळणार आहे? वाळू नसेलच कदाचित. आणि असली तरी गाडी उलटेलच असं थोडंच आहे? चारशे मीटर सरळ तर जायचंय. चाळीस वर्षांचं नाव जाईल, लोक म्हणतील हिलाल म्हातारा झाला. अशी मनाची समजूत घालता घालता त्यांना भूमिका आठवली, तिखटाने नाक पुसणारी, आणि आबांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

धावपट्टीवर पोचले तर मांडव घातलेला, शे-दोनशे माणसं, ध्वनिक्षेपक. मध्ये पिवळीधमक गाडी ऊन खात उभी. तपासणी करणाऱ्या पंडित सरांनी तिला मोजून-मापून 'पास'ची चिकटपट्टी लावलेली. भूमिका हातमोजे चढवत होती.

"आले! आले बघा आपले आबा!" हितेंद्र ओरडला आणि आबा तोंड उघडायच्या आत त्याने त्यांना मांडवात ओढलं. आपल्याकडे सत्काराला काय वेळ लागतो? शाल तयार, नारळ तयार, पुष्पगुच्छ तयार. कुणीतरी आबांच्या तेलकट सदऱ्यावर शाल पांघरली, हातात नारळ दिला, "खान्देशचे कलाकार" म्हणून ध्वनिक्षेपकावर चार वाक्यं झाली, टाळ्यांचा कडकडाट झाला. जन्मभर ज्याची भूक होती ते सगळं एकदम ताटात आलं, आणि आबांच्या घशाखाली काही उतरेना.

"आबा, दोन शब्द बोला!" माईक पुढे आला.

आबांनी माईक धरला.  "ही गाडी पळवू नका," ते म्हणाले.

मांडव हसला. लोकांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

"हसू नका. गाडी पळवू नका. कमानीत वाळू राहिली असंल. मी डबा बघितला नाही त्या दिवशी. कॅमेऱ्याकडे बघत बसलो." आणि मग आवाज फुटलाच त्यांचा. "माझी चूक शे. पोरीला आत बसवू नका."

 हितेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. पंडित सर चिडले, "अहो, मी तपासलीय गाडी!" आबांनी नारळ कमलबाईच्या हातात दिला, शाल तिच्याच खांद्यावर टाकली, खिशातला पाना काढला आणि कमानीपाशी जाऊन उकिडवे बसले. उजव्या पायावर पाना वाजवला. टण्ण. वर वाजवला. टण्ण. आख्खी कमान वाजवत वाजवत डावीकडे उतरले. टण्ण, टण्ण, टण्ण. हितेंद्र सुस्कारा सोडणार एवढ्यात खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, पाना वाजला. भद्द.

पंडित सरांनी ड्रिल आणवलं. त्या भद्द आवाजाच्या जागी बारीक भोक पाडलं. बोरी नदीची वाळू, मुंग्यांच्या रांगेसारखी, झरझर खाली आली.

आता गंमत बघा. सगळे हबकून उभे होते आणि आबा एकटे खाली मांडी घालून बसले आणि चक्क हसायला लागले. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. "सापडली," ते म्हणत होते, "सापडली बाई एकदाची!" सकाळपासून छातीवर जे धोंडा होऊन बसलं होतं ते ढीगभर वाळू होऊन समोर पडलं होतं. वाळू बघून इतका आनंद झालेला माणूस त्या धावपट्टीने आधी पाहिला नसेल.

हितेंद्र मात्र तापला. ते साहजिकच होतं, बाप होता तो. "आबा, ही बसली असती ना हो आत!" त्याच्या तोंडून एवढंच निघालं आणि तो पाठ फिरवून उभा राहिला.  

भूमिका पुढे आली, आबांच्या शेजारी जमिनीवर बसली. "आता काय करायचं, आबा?"

"दुसऱ्या कुणाकडून कापून जोडून घे, पोरी. माझ्या हाताचं नको."

"छे! दुसरा कुणी माईकवर सांगणार आहे का चूक झाली तर?" ती म्हणाली. "तुम्हीच जोडा. मी इथेच बसते."

धुळ्याच्या एमआयडीसीतून टेम्पोत घालून आर्गनचं मशीन आलं. हितेंद्रच्या सामानात त्याच पाईपचा तुकडा शिल्लक होता. आबांनी कमानीचा डावा पाय हातभर कापला. कापलेला जोड पंडित सरांनी उजेडात धरला, तर आतून अनारशासारखी जाळी पडलेली. एक धक्का बसता तर कडकन तुटला असता. सरांनी तो जोड हितेंद्रच्या हातात ठेवला. हितेंद्रने तो कितीतरी वेळ बघितला, मग येऊन आबांसाठी मशीनची केबल धरून उभा राहिला. त्याचा राग गेला म्हणायचा की भीती गेली म्हणायची, कोण जाणे. पण केबल त्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

जोडण्याआधी आबांनी पाईपमधून आरपार चिंधी ओढली. दुसऱ्यांदा ओढली. तिसऱ्यांदा ओढायला लागले तेव्हा कमलबाईच म्हणाली, "आते पुरे! पाईप घसाई जाई." सगळे हसले, आणि मांडवातलं वातावरण हलकं झालं. आबांनी आत बाही, म्हणजे आधाराची छोटी नळी, घालून जोड मारला. ह्या वेळी कुणी व्हिडिओ काढत नव्हतं. उजव्या पायालाही हट्टाने भोक पाडून घेतलं. तो स्वच्छ रिकामा निघाला. पंडित सरांनी जोडावर लाल रंग लावला, पुसला, वरून पांढरी पावडर मारली. चीर असती तर लाल रेघ उमटली असती. दहा मिनिटं सगळे त्या पांढऱ्या ठिपक्याकडे डोळे लावून बसले. पांढरा तो पांढराच राहिला.

"पास," पंडित सर म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. "आता खरा पास."

रविवारी सकाळी कोवळ्या उन्हात भूमिका गाडीत बसली. पट्टे आवळले. कमान तिच्या डोक्यावर चार बोटं, जिथे खडूने आखली होती तिथेच. आबांनी एकवार कमानीवरून हात फिरवला आणि कठड्याच्या मागे कमलबाईशेजारी येऊन उभे राहिले.  इंजिन असं गरजलं की आजूबाजूच्या शेतातले पक्षी उठले. हिरवा दिवा लागला, आणि आबांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"गई!" कमलबाई ओरडली. "गई व माय, कशी गई! सरळ जाई राह्यनी! आते थोडीच ऱ्हायनी..." आबांनी तिचा दंड घट्ट धरला होता. आवाज लांब गेला, बारीक झाला, मग बंदच झाला. 

"अवं, उघडा ना डोया!" कमलबाईने त्यांना हलवलं. "पोचनी ती! हात हालाई राह्यनी देखा!"

आबांचा जीव भांड्यात पडला. ते तिथेच कठड्याला टेकून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. कुणाला काय वाटेल ह्याची त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा फिकीर केली नाही.

गाडी ढकलत परत आणली. चौदा सेकंद आणि वर काहीतरी. लोक आकडा विचारत होते, फोटो काढत होते. आबा कुणाकडे न बघता गाडीपाशी गेले आणि एकेका जोडावरून अंगठा फिरवत सुटले. डावा पाय, उजवा पाय, वरची कमान, मधले आडवे पाईप. कुठे चीर नाही, कुठे बाक नाही. भूमिकाने हेल्मेट काढलं. घामाने केस चिकटलेले, तोंडभर हसू. तिने आबांचा काळवंडलेला अंगठा हातात धरला.

"बस झालं, आबा," हितेंद्र डोळे पुसत म्हणाला. त्याचाही काल रात्रभर डोळा लागला नव्हता. "सुखरूप आली, अजून काय पाहिजे? चढवू गाडी टेम्पोत."

"थांब," आबा म्हणाले.

"का? काही दिसलं का?" हितेंद्र चरकला.

"तेच तर, काही दिसलं नाही. डोळे मिटून उभा होतो मी." आबांनी भूमिकाकडे बघितलं. "पोरी, अजून एकदा पळव. आता मी बघतो."